धरला म्हटल्याशिवाय

त्या उन्हाळ्यात विहिरी एकामागून एक तळाला गेल्या आणि मुंगळ्याला मागणी आली. एरवी रस्त्यात तोंड फिरवणारी माणसंही सकाळी सकाळी दारात येऊन बसायला लागली. आमची तेवढी अजून पुरुषभर खाली न्या, म्हणायची. गरज सरो नि वैद्य मरो ही जगाची रीत. पण गरज असते तोवर वैद्याला चहाही मिळतो आणि खुर्चीही.

मुंगळा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. विहीर खोदायला शिकवणाऱ्या वस्तादाने ते ठेवलेलं. उभ्या कातळाला, जिथे सरडा दोनदा विचार करील तिथे, हा बोटांच्या पेरांवर चिकटून राहायचा. बायकोला धाकटा दीर वहिनी म्हणायचा, म्हणून अख्खं गाव तिला वहिनी म्हणायचं. तिच्या सासूच्याही तोंडून कधी कधी "वहिनीला हाक मार रे" असं निघून जायचं, आणि मग ती स्वतःशीच हसायची.

मुंगळा खाली, वहिनी वर दोरावर, आणि दीर निघालेला मुरूम वाहून टाकायला, अशी कामाची वाटणी होती. दोरावर बाई उभी म्हणून सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. पण दोर धरायला ताकदीपेक्षा लक्ष जास्त लागतं, आणि दिराचं लक्ष म्हणजे मोकाट वासरू. खालून एक हिसका आला की घमेलं वर. दोन आले की थांब. तीन आले की माणूस वर येतोय, बाकी सगळं सोड आणि पाय रोव.

वस्तादाने आणखी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. खाली उतरणाऱ्याने कमरेची गाठ स्वतःच मारायची. दुसऱ्याच्या गाठीवर जीव टाकायचा नाही. आणि वरच्याने दोर दुसऱ्याच्या हातात देताना, तो माणूस तोंडाने "धरला" म्हणेपर्यंत आपली मूठ सैल करायची नाही. मान हलवलेली चालत नाही, "हं" चालत नाही. वस्तादाचा स्वतःचा पाय यातच गेला होता. वरचा एक जण "घे" म्हणाला आणि सोडून मोकळा झाला. दुसरा त्या वेळी कपाळाचा घाम पुसत होता. दोघंही चांगली माणसं होती. वस्ताद पुढे जन्मभर लंगडत फिरला आणि भेटेल त्याला ही गोष्ट सांगत राहिला.

मळेवाल्याच्या विहिरीत काळा कातळ लागला तिथून बिनसलं. इतर कुणी असता तर हात टेकले असते. मुंगळा मात्र कातळाला कान लावून बसायला लागला. पाणी आहे, म्हणायचा, बोलतंय. आधी वहिनीला त्यात काही वावगं वाटलं नाही. विहिरी खोदणारी माणसं पाण्याबद्दल असं बोलतातच. मग तो जेवताना घास हातात धरून ऐकायला लागला. रात्री अंथरुणावर पाठ टेकेना. डोळे खोल गेले आणि बोलणं मात्र धो धो वाढलं. एरवी दिवसभरात दहा शब्द बोलणारा माणूस. तो शेजाऱ्याच्या बैलाशीसुद्धा गप्पा मारायला लागला.

वहिनीला कळत नव्हतं असं नाही. पूर्वी एकदा हे होऊन गेलं होतं. तेव्हापासून आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई दर महिन्याला गोळ्या द्यायच्या. हंगाम सुरू झाला तशा त्याने त्या बंद केल्या. हात जड होतात, म्हणाला, आणि खाली उतरणाऱ्याचे हात जड होऊन कसं चालेल? कपाटावर गोळ्यांची पाकिटं न फोडलेली पडलेली वहिनीने पाहिली आणि ती गप्प बसली. काम जोरात होतं, नवरा खुशीत होता. एवढा हंगाम जाऊ दे, मग बघू, असं तिने मनाला सांगितलं. मन काय, सांगेल ते ऐकतं.

एका सकाळी ती उठली तर त्याने स्वयंपाकघराची जमीन गुडघाभर खणली होती. सासू खाटेवर पाय वर घेऊन, पाण्याची कळशी पोटाशी धरून बसली होती. घरभर माती. चूल कलंडलेली.

"इथेच आहे," मुंगळा म्हणाला. "आपण गावभर हिंडलो आणि इथे आपल्या पायाखाली."

"आधी मला खाली उतरू दे, मग काय ते खण," सासू म्हणाली. एवढं बोलून ती रडायला लागली.

वहिनी तशीच मातीच्या पायांनी नर्सबाईंकडे गेली. या नर्सबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, चालताना धापा टाकणाऱ्या. त्यांनी गोळ्या किती दिवस बंद आहेत ते विचारलं. वहिनीने खरं ते सांगितलं आणि बोलणी खायची तयारी ठेवली. नर्सबाईंनी बोल लावला नाही. त्या म्हणाल्या, उद्या जिल्ह्याच्या डॉक्टर केंद्रावर येणार आहेत, काहीही करून त्याला घेऊन ये. आणि रात्री एकटं सोडू नका.

एकटं सोडलं नाहीच. दीर दारात आडवा झोपला. पण तो झोपला, हेच चुकलं. उजाडताना मुंगळा त्याला ओलांडून गेला.

वहिनी मळ्यात पोचली तेव्हा विहिरीवर कुणी नव्हतं. दोर रहाटाच्या खांबाला बांधून खाली सोडलेला होता. वर कुणी नसताना खाली उतरायचं, हे मुंगळ्याने जन्मात केलं नव्हतं. तिने दोर हातात घेतला. हलका लागला. त्याच्या टोकाला माणूस नव्हता.

तिने वाकून पाहिलं. तळाशी, कातळावर, तो पाय पसरून बसला होता. जिवंत होता. ती काठावर बसली.

"अहो," ती म्हणाली. "वर या."

"नाही."

"गाठ का सोडलीत?"

"आता लागणार नाही," तो म्हणाला. आवाज शांत होता, आणि तिला त्या शांतपणाचीच भीती वाटली. "मी इथेच राहतो. वर सगळ्यांना माझा त्रास. इथे बरं आहे."

उत्तरेकडची कड सैल होती, हे दोघांनाही माहीत होतं. तिथला मुरूम अजून बांधून काढायचा होता. मध्येच एखादा खडा सुटून खाली टपकायचा आणि तो नुसता त्याच्याकडे बघायचा.

दीर धावत आला, खाली डोकावला आणि लगेच फोन काढून बाजूला गेला. आता, या दिराचा स्वभाव असा की मदत लवकर यावी म्हणून तो गोष्ट जरा फुगवून सांगायचा. नळ गळत असला तर घर बुडालं म्हणायचा. पोलिसांना त्याने सांगितलं की भाऊ पहार घेऊन लोकांच्या अंगावर धावतोय. रुग्णवाहिकेला सांगितलं की माणूस विहिरीत पडला, हाडं मोडली. नर्सबाईंना काय सांगावं ते न सुचून त्याने तेवढं खरं सांगितलं.

म्हणून झालं असं, की सगळे आले आणि चुकीचे आले. पोलिसांची गाडी काठ्या आणि दोरखंड घेऊन आली. रुग्णवाहिका भोंगा वाजवत थेट बांधापर्यंत घुसली आणि त्या धक्क्याने उत्तरेकडची मूठभर माती खाली गेली. मुंगळा उठून उभा राहिला. "कोण आलंय?" तो खालून ओरडला.

पोलिसांतला पुढचा माणूस गाडीतून उतरला आणि वहिनीने त्याला ओळखलं. मागच्या वेळचाच हवालदार. मिशा पिकल्या होत्या, बाकी तोच. मागच्या वेळी गावातल्या चौघांनी आणि दिराने मिळून मुंगळ्याला त्याच्याच विहिरीच्या दोराने बांधलं होतं, हात मागे करून. याच हवालदाराने त्याला गाडीत घालून जिल्ह्याच्या इस्पितळाच्या फाटकाशी सोडलं. फाटकावरच्याने उद्या या म्हटलं. हवालदाराला वाटलं, इस्पितळात पोचवला, आपलं काम झालं. इस्पितळाला वाटलं, पोलिसांचा माणूस आहे, पोलीस बघतील. मुंगळा दोघांच्या मधून चालत गेला तो कितीतरी दिवसांनी एका दगडाच्या खाणीत सापडला, आणि तेव्हा कुठे इस्पितळाने त्याला आत घेतलं. मनगटांवरचे वळ अजून होते. त्यानंतर वर्षभर त्याने अंगाला दोर लावून घेतला नाही, आणि वहिनीने त्याला शब्द दिला होता की पुन्हा कुणी तुम्हाला बांधणार नाही. हा शब्द ती कुणाच्या जोरावर देत होती, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. पण दिला होता.

एवढ्यात नर्सबाई कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून आल्या. त्यांनी उतरता उतरता भोंगा बंद करायला लावला आणि गाडी शेताबाहेर न्यायला लावली. मग विहिरीपासून पन्नास पावलांवर, आंब्याच्या सावलीत, सगळ्यांची जुंपली.

रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर म्हणाला, अंगावर धावणारा पेशंट असेल तर पोलीस गाडीत बसल्याशिवाय मी चाक हलवणार नाही. हवालदार म्हणाला, त्याने काही गुन्हा केला का? नाही. मग मी कशाला बसू? नर्सबाईंनी इस्पितळाला फोन लावला तर तिथून आवाज आला की आधी खाट मोकळी आहे का बघतो, तुम्ही निघू नका. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी रास्त होतं आणि तिकडे माणूस तळाशी उभा होता. एक ना धड भाराभर चिंध्या.

"गेल्या वर्षी आपण सगळ्यांनी बसून अशा वेळी कुणी काय करायचं हे ठरवलं होतं," नर्सबाई म्हणाल्या. "चहाबिस्किटं खाल्ली होती."

"ठरलं होतं," हवालदार म्हणाला. "पण वेळ कुठे आली होती?"

"आली आता."

आधी नर्सबाईंनी दिराला पुढे ओढलं आणि कुणाला काय सांगितलंस ते सगळ्यांसमोर सांगायला लावलं. दिराने मान खाली घालून सांगितलं. पहार विहिरीच्या काठावरच पडली होती, तिच्यावर मुंग्या चढत होत्या. ड्रायव्हर दिराकडे असा बघत राहिला की विचारू नका. पण त्यानंतर काठ्या गाडीत परत गेल्या. नर्सबाईंनी इस्पितळाचा फोन मोठ्या आवाजावर ठेवला, मधोमध धरला आणि म्हणाल्या, आता जो तो आपण काय करणार ते एकमेकांना ऐकू जाईल असं बोला. मग हवालदार म्हणाला की तो गाडीत बसेल. ड्रायव्हर म्हणाला, मग मी नेईन. फोनमधून एक बाई बोलली, ती वॉर्डाची डॉक्टर होती; म्हणाली, खाट बघते नव्हे, ठेवते, मी स्वतः दारात येते.

वहिनी या सगळ्यात नव्हती. ती विहिरीवरच होती, दोर हातात धरून. टोकाला कुणी नसलेला दोर धरून बसलेली बाई कशी दिसत असेल याचा तिने विचार केला नाही. तिने दोर एकदा हिसकला. उत्तर नाही. थोड्या वेळाने पुन्हा. ऊन वर आलं. तिसऱ्यांदा हिसकला तेव्हा खालून दोन हिसके आले. थांब.

चला, दोराला हात तर लावला, तिला वाटलं. ती थांबली.

"कोण कोण आहे वर?" त्याने विचारलं.

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. "नर्सबाई आहेत," ती म्हणाली. "रुग्णवाहिका आहे. धाकटा आहे. आणि हवालदार आहे."

"कोणता?"

"तोच."

मग तो म्हणाला, "बांधतील."

वहिनीने मान वळवली. हवालदार तिच्या मागे चार पावलांवर येऊन उभा होता, टोपी काढून काखेत. "ते विचारतायत, बांधाल का," ती म्हणाली. "मला सांगू नका. त्यांना सांगा."

हवालदार काठाशी आला, मांडीवर हात टेकून वाकला. पोट आडवं येत होतं. एवढ्या लोकांसमोर विहिरीत तोंड घालून बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं, ते दिसत होतं.

"बांधणार नाही," तो म्हणाला. आवाज विहिरीत घुमून परत आला. मग जरा खालच्या सुरात, "मागच्या वेळी मी तुला फाटकावर सोडून आलो. मला वाटलं, पोचला. ते चुकलं माझं. या वेळी आत नेतो."

उत्तरेकडून एक दगड सुटला आणि धप्पकन पडला. वहिनीने दोर मुठीत घट्ट केला आणि नुसती वाट पाहिली, कारण याच्यापुढे तिच्या हातात काहीच नव्हतं.

मग दोर ताणला गेला. तो गाठ मारत होता. तिला ती ओढ ओळखीची होती, आधी एक वेढा, मग दुसरा, मग कचकन आवळणं. आणि मग एक, दोन, तीन.

"पाय रोवा," ती म्हणाली. दीर धावला, ड्रायव्हरही धावला. रहाट कुरकुरला. मुंगळा वर आला तो मातीने माखलेला, ओठ फुटलेला, विहिरीच्या कडेला पाय लावत लावत, नेहमीसारखा. काठावर आल्यावर त्याने पहिल्यांदा पाणी मागितलं. तांब्याभर पाणी एका दमात प्यायला आणि म्हणाला, "खाली एवढं असतं तर काम झालं असतं." कुणाला हसू आलं नाही, पण वहिनीला आशा वाटली.

रुग्णवाहिकेत पट्ट्यावरून पुन्हा अडलं. पट्टा लावल्याशिवाय नेता येत नाही, आणि तो नियम वेड्याशहाण्या सगळ्यांना आहे, असं ड्रायव्हर म्हणाला. मुंगळा पट्ट्याकडे बघत मागे सरकायला लागला. दिराने सवयीने त्याच्या दंडाला हात घातला.

"सोड," वहिनी म्हणाली. "ते स्वतः लावतील."

ड्रायव्हरने पट्टा कसा अडकतो ते आपल्याच बाकावर बसून दाखवलं. मुंगळ्याने तो हातात घेतला, ओढून पाहिला, अडकवला, सोडवला, पुन्हा अडकवला. "बरा आहे," तो म्हणाला. कमरेचा दोर त्याने सोडला नाही, आणि त्याचं दुसरं टोक वहिनीने वाटभर हातात ठेवलं. समोर हवालदार बसला. त्याने सारा वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

वॉर्डाच्या दारात डॉक्टर खरंच उभी होती. वयाने दिरापेक्षाही लहान, डोळ्यांखाली जागरण. दोर आत आणता येणार नाही, असं तिने सांगितलं, आणि का ते कुणाला विचारावं लागलं नाही. मुंगळ्याने आपल्या हाताने गाठ सोडली आणि दोर नर्सबाईंकडे दिला. त्याबरोबर वहिनीने त्याचं मनगट धरलं.

"या तुम्ही आता, आम्ही बघतो," डॉक्टर म्हणाली आणि त्याच्या दुसऱ्या कोपराला हात लावला.

वहिनी हलली नाही.

"काळजी करू नका. सोडा त्यांना."

वहिनीने काही सोडलं नाही. तिला सोडायचं नव्हतं असं नाही. खरं तर ती इतकी दमली होती की कुणीतरी घ्यावं म्हणून ती कधीची वाट बघत होती. पण मूठच उघडेना. मागे नर्सबाई काही बोलायला पुढे झाल्या. डॉक्टर जरा बुचकळ्यात पडली.

"धरला म्हणा," मुंगळा डॉक्टरला म्हणाला. त्याचं बोलणं अजून भरभर, तुटक होतं. "म्हणा. नाहीतर ही इथेच उभी राहील. दोन वर्षं उभी राहील. मी ओळखतो तिला."

डॉक्टरने नर्सबाईंकडे पाहिलं, हवालदाराकडे पाहिलं. हवालदार दारातून आत आला होता. तो म्हणाला होता तसा. "म्हणा की," तो म्हणाला.

डॉक्टरने मुंगळ्याचं दुसरं मनगट नीट पकडलं. "धरला," ती म्हणाली.

तेव्हा वहिनीने सोडलं.

मुंगळा इस्पितळात होता तोवर वहिनी आठवड्याला जाऊन यायची. आधी तो नुसता झोपायचा. मग ओशाळून बोलायला लागला. घरी सासूने जमीन बुजवून चोपून घेतली, पण चुलीपाशी एक खळगा राहिलाच आणि तिथे सगळ्यांची ठेच लागायची. मळेवाल्याने विहीर तशीच सोडली. दीर रोज न चुकता विचारायचा की दादा माझ्याबद्दल काही बोलला का, आणि वहिनी म्हणायची, नाही. खरंच बोलला नव्हता.

रात्री तिला एकच धास्ती असायची. मागच्या वेळी इस्पितळाने कधी सोडला तेही कुणी कळवलं नव्हतं. दारात अचानक येऊन उभा राहिला होता, गोळ्या कुठल्या नि कशा ते काही माहीत नव्हतं. या वेळीही तसंच झालं तर? आणि न झालं, नीट सांगून सवरून आणून दिला, तरी आपल्याला पेलेल का? गोळ्या तर तिच्या डोळ्यांदेखत बंद झाल्या होत्या.

एके दिवशी ती शेळीला पाला घालत होती आणि फोन वाजला. नर्सबाई होत्या. वॉर्डातून डॉक्टरचा फोन आला होता, त्या म्हणाल्या. सकाळी सोडलं. हवालदाराला त्या बाजूला काम होतं, त्याने बसमध्ये बसवून दिलंय. गोळ्या माझ्याकडे आल्यात, संध्याकाळी आणते आणि कशा द्यायच्या ते तुला आणि सासूला दोघींना सांगते. तू थांब्यावर जा.

"बरं," वहिनी म्हणाली.

"बरं नाही," नर्सबाई म्हणाल्या. "डॉक्टर तिकडे माझ्या फोनची वाट बघत बसलीय. मी तिला काय सांगू?"

तो शब्द म्हणून टाकणं सोपं होतं. "अजून नाही," ती म्हणाली. "फोन ठेवू नका."

फोन तसाच कानाला लावून ती निघाली. वाटेत कुणी हाक मारली तर तिने हात केला आणि थांबली नाही. पलीकडून नर्सबाईंचे श्वास ऐकू येत होते.

बस आली, धूळ खाली बसली. मुंगळा पायरीवरून उतरला, दांडीला घट्ट धरून, एकेक पाऊल टाकत. अंगाने भरला होता. हाताला बारीक कंप होता, तो त्याने पिशवीमागे लपवला.

"हात हलतायत," तो म्हणाला. पहिलं बोलला ते हेच. "डॉक्टर म्हणाली, कमी होईल. पण खाली उतरणं आता इतक्यात नाही."

"मग वर उभे राहा. दोर धरा."

"आणि खाली कोण?"

"धाकट्याला उतरवू," वहिनी म्हणाली. "खालून फोन तरी करता येणार नाही त्याला."

तो हसला. मोठ्याने नाही, पण हसला. तिने पिशवी त्याच्या हातातून घेतली, खांद्याला लावली आणि त्याचं मनगट धरलं. कंप तिच्या हाताला लागला. तिने मूठ आवळली.

"आहात का?" ती फोनमध्ये म्हणाली.

"आहे," नर्सबाई म्हणाल्या.

"धरला."